५२ − २७ = ३५ का येतं? काड्यांचे गठ्ठे आणि हातच्याची वजाबाकी

प्रश्न असा आहे: दुसरीच्या वर्गात काड्या, दशकाचे दांडे, खोट्या नोटा असं सगळं साहित्य आहे. मुलं ते आवडीने हाताळतात, गठ्ठेही बरोबर बांधतात. पण वहीत ५२ − २७ आलं की अर्धा वर्ग ३५ लिहितो. कृतीतून शिकवूनही असं का होतं आणि नेमकं काय बदलायचं?

सगळ्यात आधी ते उदाहरण बदला. ५२ − २७ ला ३५ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या चुकांमधून येतं. एक मूल एककाच्या घरात ‘मोठ्यातून लहान’ वजा करतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसरं मूल १२ मधून ७ बरोबर काढतं, ५ लिहितं, पण वरच्या ५ चे ४ करायला विसरतं आणि तेही ३५ वर येतं. पहिल्या मुलाला दशक सुटा करायचा असतो, म्हणजे एका दशकाचे दहा एकक करायचे असतात, हेच कळलेलं नाही. दुसऱ्याला ते कळलंय, फक्त लिहिताना एक पायरी गळते. दोघांना एकच उपाय करून चालणार नाही, आणि वही पाहून तर ते वेगळे ओळखूच येत नाहीत. एककांमधला फरक बरोबर ५ असला की असं होतं. म्हणून ६१ − ३६, ४३ − १८, ७० − २५ अशी उदाहरणं सरावाला ठेवा, पण चुका ओळखायला देऊ नका.

त्याऐवजी ५३ − २७ द्या. बरोबर उत्तर २६. ३४ आलं तर मुलाने मोठ्यातून लहान वजा केलंय. ३६ आलं तर सुटा केलेला दशक वरून कमी झालेला नाही. ३० आलं तर ‘३ मधून ७ जात नाहीत, म्हणून शून्य’ असा विचार आहे. ८ आलं तर मुलाने त्रेपन्नचे ३५ मांडलेत, म्हणजे अडचण वजाबाकीच्या आधीची, संख्यानावाची आहे. १६ आलं तर बहुधा घरी कुणी वेगळी रीत शिकवली आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. फळ्यावर एवढं एकच उदाहरण लिहून कागदाच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि उत्तरांप्रमाणे त्यांचे ढीग केले, की दहा मिनिटांत उद्याचे गट तयार होतात.

आता मूळ प्रश्न. साहित्य हाताळूनही वहीत चूक राहते, याचं मला दिसणारं मुख्य कारण म्हणजे काड्या आणि आकडे एकमेकांना भेटतच नाहीत. सोमवार ते बुधवार काड्या, गुरुवारपासून वही, असं नियोजन असतं. काड्यांनी करताना मूल सरळ उरलेल्या काड्या मोजून उत्तर सांगतं. वहीत करताना ते आकड्यांवर काहीतरी खाडाखोड करतं. वरच्या ५ वर मारलेली काट म्हणजेच आपण गठ्ठ्याचं काढलेलं रबर, हा धागा मुलाला आपोआप सापडत नाही. तो एकाच वेळी, एकाच जागी, हातातून पाटीवर उतरावा लागतो. गठ्ठ्याचं रबर निघालं की लगेच आकड्यावर काट, आणि काट मारल्याशिवाय पुढची काडी हलवायची नाही. ही शिस्त पाळली तर साहित्य साधं असलं तरी चालतं, आणि पाळली नाही तर गणित-साहित्याची महागडी पेटीही खेळणंच राहते.

साहित्याबद्दल. जोडीला १०० काड्या आणि १२ रबरं, हे माप धरा. दोन अंकी वजाबाकीत फक्त वरची संख्या मांडायची असते आणि ती ९९ च्या पुढे जात नाही, म्हणून १०० पुरतात. तीस मुलांच्या वर्गाला पंधरा जोड्या, म्हणजे १५०० काड्या. माडाच्या हिरांचे दोन-तीन खराटे घेऊन प्रत्येक हिराच्या जाड बाजूचे दहा-दहा सेंटिमीटरचे चार-पाच तुकडे केले तर तेवढ्या निघतात. शेंड्याकडचा बारीक भाग टाकून द्या. तो टोचतो, शिवाय बारीक-जाड काड्या मिसळल्या की काही मुलं गठ्ठ्याच्या जाडीवरून अंदाज बांधतात आणि मोजत नाहीत. कापलेली टोकं खडबडीत फरशीवर घासून बोथट करा. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, सहज मिळतात, पण त्या जाड असतात. दहांचा गठ्ठा सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत मावत नाही, म्हणून बारीक फांद्या निवडा. आईस्क्रीमच्या काड्या उत्तम, कारण चपट्या असल्याने गडगडत नाहीत. शीतपेयाच्या नळ्या टाळा, रबराने त्या चेपतात आणि गठ्ठ्यातून सटकतात. माचिसच्या काड्या गुलासकट वर्गात आणूच नका. परिसरातल्या बिया, शंख, काड्या हेच साधन मानायची परंपरा आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत घालून दिली. त्यामुळे पेटी आली नाही म्हणून थांबायचं काही कारण नाही.

रबरांचं मात्र नीट बघा, कारण तास बिघडतो तो बहुतेक वेळा रबरामुळे. बारीक पिवळी रबरं उन्हाळ्यात चिकट होतात, तुटतात, आणि मुलांच्या बोटांना ती दुहेरी गुंडाळता येत नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचे अर्धा सेंटिमीटर रुंदीचे कडे कापले तर वर्षभर टिकतात. दोन वेढ्यांत दहा हीर घट्ट बसतात. ज्यांना दुसरा वेढा जमत नाही त्यांना जोडीदाराने गठ्ठा धरायचा. ही अडचण हाताची आहे, गणिताची नाही, तिच्यापायी मुलाला मागे ठेवू नका.

प्रत्येक जोडीची एक कापडी पिशवी. तास संपताना पिशवीत दहा गठ्ठे परत गेले पाहिजेत. दहाव्या गठ्ठ्यात आठच काड्या भरल्या तर दोन कुठेतरी खाली पडल्यात, त्या जोडीनेच शोधायच्या. तुम्हाला मोजदाद करावी लागत नाही आणि आवरता आवरता दशकाचा सराव होतो. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं काड्या नुसत्या खेळायला द्या. मुलं घरं, चांदण्या, कुंपणं करतात. तो वेळ आधी दिला नाही तर तीच घरं वजाबाकीच्या मधोमध उभी राहतात.

बसण्याची रचना ही वरवर किरकोळ गोष्ट आहे, पण तिच्यामुळे अख्खा तास उलटा होऊ शकतो. जोडीतली मुलं समोरासमोर बसली तर एकाला दशक डावीकडे दिसतात आणि दुसऱ्याला उजवीकडे. तो दुसरा मग ५३ चे ३५ लिहितो, आणि त्याच्या जागेवरून त्याचं बरोबर असतं. म्हणून दोघांनी शेजारी-शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसायचं. तुम्ही करून दाखवतानाही हीच पंचाईत होते. मुलांकडे तोंड करून जमिनीवर मांडलंत तर त्यांना सगळं उलटं दिसतं. त्यांच्या बाजूला बसून मांडा. जमिनीवर खडूने मधोमध उभी रेघ, डाव्या बाजूला ‘दशक’, उजव्या बाजूला ‘एकक’, आणि या चौकटीच्या खाली एक वाटी, हे एवढं पुरे. गट सहा-सहांचे करू नका, त्यात दोघं काड्या हलवतात आणि चौघं बघत बसतात.

जोडीतला एक ‘हात’, दुसरा ‘पाटी’. प्रत्येक उदाहरणाला अदलाबदल. ५३ − २७ असं चालतं. हात पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडतो, पाटी ५३ लिहिते आणि खाली २७. २७ मांडायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी ठासून सांगावं लागतं. बेरजेत दोन्ही संख्या मांडायची सवय झालेली असते, त्यामुळे मुलं इथेही सात गठ्ठे आणि दहा काड्या मांडून बसतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळत नाही. २७ हे मागणं आहे: ‘मला सत्तावीस दे.’ समोर मांडलेल्यातूनच ते द्यायचे.

आता सात सुट्या मागा आणि गप्प बसा. इथे शिक्षकाची घाई सगळ्यात महागात पडते. ‘तीनच आहेत, पुरत नाहीत’ हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं. बऱ्याच वेळा मूलच म्हणतं, ‘गठ्ठा सोडू का?’ तेच म्हणू द्या. हात एक गठ्ठा उचलतो, रबर काढून स्वतःच्या मनगटावर घालतो आणि दहा काड्या रेघेच्या उजवीकडे आणतो. मनगटावरचं रबर हा पुरावा आहे: किती दशक सुटे केले ते तिथे दिसतं. पाटी लगेच ५ वर काट मारून वर ४ लिहिते, ३ वर काट मारून वर १३ लिहिते. इथे थांबून विचारा, ‘आता एकूण किती काड्या आहेत?’

हा प्रश्न मला या सगळ्या कृतीत सर्वात मोलाचा वाटतो. कित्येक मुलं ‘चारशे तेरा’ म्हणतात, कारण पाटीवर ४ आणि १३ शेजारी दिसतात. काही मुलं ‘त्रेसष्ट’ म्हणतात, कारण दहा ‘आले’ असं त्यांना वाटतं. काही पुन्हा एकपासून मोजायला लागतात. मोजू द्या. दोन-तीन वेळा मोजून दर वेळी त्रेपन्नच भरले की मग मुलं न मोजता सांगायला लागतात, आणि ‘काही आलं नाही, काही गेलं नाही, फक्त सोडलं’ हे त्यांच्या शब्दांत येतं. ते येईपर्यंत पुढची उदाहरणं वाढवू नका. दिवसाला तीन उदाहरणं नीट झाली तरी खूप झाली.

मग हात सात काड्या वाटीत टाकतो, पाटी ६ लिहिते. हात दोन गठ्ठे वाटीत ठेवतो, पाटी २ लिहिते. काढलेल्या काड्या वाटीतच राहिल्या पाहिजेत. चौकटीच्या कडेला ठेवल्या तर उरलेल्यात मिसळतात आणि उत्तर पुन्हा ५३ येतं. शेवटी पडताळा: वाटीतले २७ परत चौकटीत आणा. सुट्या तेरा होतात, त्यातल्या दहांना मनगटावरचं रबर लावा, पाच गठ्ठे तीन सुट्या. बेरजेचा हातचा आणि वजाबाकीतला सुटा दशक एकाच रबराच्या दोन हालचाली आहेत, हे मुलांना इथे हाताने कळतं.

शब्द जपून वापरा. ‘शेजारून उसना घेतला’ असं आपण सवयीने म्हणतो, पण उसनं घेतलेलं परत करायचं असतं, आणि इथे काहीच परत जात नाही. ‘दशक सुटा केला’ हे घडतं तेच सांगतं. बाजारातही दहाचे ‘सुटे’च मागतात, त्यामुळे शब्द मुलांच्या कानावर असतो.

आता त्या १६ उत्तराबद्दल. आजी-आजोबांच्या आणि काही पालकांच्या पिढीला वेगळी रीत शिकवलेली होती: ‘१३ तून ७ गेले ६, हातचा १, २ आणि १ तीन, ५ तून ३ गेले २.’ म्हणजे वरचा ५ तसाच ठेवून खालच्या २ मध्ये एक मिळवायचा. रीत पूर्ण बरोबर आहे, उत्तर २६ च येतं. पण मूल दोन्ही रीती एकत्र करतं, वरून एक कमी करतं आणि खाली एक मिळवतं, मग ४ तून ३ गेले १. पालक चुकीचं शिकवतात असं मुलासमोर म्हणू नका. पालकांना एकदा शाळेत बोलावून काड्यांवर तुमची रीत दाखवा आणि दुसरी-तिसरीपुरती घरीही हीच ठेवायला सांगा.

संख्यानावांची अडचण आपल्या भाषेत खरी आहे. त्रेचाळीसमध्ये आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. ऐकलेल्या क्रमाने मूल तीन गठ्ठे, चार सुट्या मांडतं. बावन्न, त्रेपन्नमध्ये तर पन्नास ओळखूच येत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत रूढ नावांच्या जोडीने आली तेव्हा बराच वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण हे कारण दिलं होतं. वादात कुठलीही बाजू घ्या, काड्या मांडताना दोन्ही नावं म्हणायला लावण्यात नुकसान काहीच नाही: ‘त्रेचाळीस, चाळीस आणि तीन.’ आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या, हा नियम ठेवला की उलटा क्रम बराच कमी होतो.

आणि ‘एकोण’ची नावं तर काड्यांसाठीच घडवल्यासारखी आहेत. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. तीन गठ्ठे मांडा, एक सोडा, एक काडी काढा: दोन गठ्ठे, नऊ सुट्या. एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हे चालतं. नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही, तिथे नऊ आणि नव्वदच ऐकू येतात, आणि मुलं ते स्वतःच शोधून काढतात. या एका खेळात संख्यानाव आणि दशक सुटा करणं दोन्ही साधतं, म्हणून वजाबाकी सुरू करण्याआधी दोन तास यालाच द्या.

तुमच्याकडे दांडे आणि नोटाही आहेत, पण तिन्ही एकदम बाहेर काढू नका. तिन्हींचं काम वेगळं आहे. गठ्ठा सोडता येतो, आत दहा आहेत हे दिसतं. दांडा सुटत नाही, तो देऊन दहा ठोकळे घ्यावे लागतात, म्हणजे सोडण्याच्या जागी अदलाबदल येते. दहाच्या नोटेत तर दहा दिसतही नाहीत, ते मान्य करावे लागतात. गठ्ठ्यावर पक्कं झालेलं मूल दोन दिवसांत नोटांवर येतं. नोटेपासून सुरुवात केली तर पाच नोटा म्हणजे पाच, असं मोजणारी मुलं निघतात आणि शिक्षकाला वाटतं त्यांना दशकच कळला नाही. त्यामुळे आधी काड्या, मग दांडे किंवा नोटा, दोन्हींपैकी एक पुरे.

मुलांची काड्यांची सवय सोडवायची कशी? काड्या एकदम बंद केल्या तर मुलं परत ‘मोठ्यातून लहान’ वर जातात. मध्ये एक चित्राची पायरी ठेवा: दशकाला उभी दांडी, एककाला टिंब. ५३ म्हणजे पाच दांड्या, तीन टिंबं. एक दांडी खोडायची, दहा टिंबं काढायची, बाजूला आकडेही लिहायचे. टिंबं पाच-पाचच्या दोन ओळींत काढायला सांगा, नाहीतर नऊ किंवा अकरा होतात. त्यानंतर काड्या झाकलेल्या डब्यात ठेवून विचारा, ‘आत पाच गठ्ठे, तीन सुट्या आहेत. सत्तावीस काढायचेत. आत काय करावं लागेल?’ मूल हात न लावता सांगतं, पाटीवर लिहितं, मग डबा उघडून बघतं. पाच उदाहरणांपैकी चार बरोबर आणि ‘हे ४ कुठून आले?’ याला स्वतःच्या शब्दांत उत्तर, एवढं झालं की नुसते आकडे. साधारण आठ ते दहा तासिका लागतात. काही मुलं तिसऱ्याच दिवशी तयार असतात, त्यांना जबरदस्तीने गठ्ठे बांधायला लावू नका. पिशव्या मात्र कपाटात कुलपात न ठेवता खिडकीत ठेवा. ज्याला अडेल त्याने उठून घ्यायच्या, विचारायला लागू नये.

दोनशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र असतील तर पाचच पिशव्या करा आणि एक कोपरा ठेवा. एका वेळी दहा मुलं वीस मिनिटं तिथे, बाकीची लेखनकामात. सगळ्या वर्गाने एकाच वेळी काड्या घेण्याचा आग्रह अशा शाळेत दमछाक करतो.

शून्याची उदाहरणं वेगळी काढून द्या. ५० − २३ मध्ये एककाच्या बाजूला काहीच नसतं. मुलं ‘शून्यातून तीन’चे तीन करून ३३ लिहितात, किंवा दशक कमी न करता ३७. चौकटीची उजवी बाजू रिकामी आहे हे बोटाने दाखवायला लावा, मग गठ्ठा सोडल्यावर तिथे दहाच येतात हे लिहिताना चुकत नाही.

तिसरीत ३०२ − १४७ आलं की जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. दहा गठ्ठ्यांची एक मोळी, म्हणजे शतक. मोळ्या बांधायला सुतळी वापरा, रबर पुरत नाही. तीन मोळ्या आणि दोन सुट्यांना तीनशे दोन काड्या लागतात, म्हणून इथे तीन जोड्यांच्या पिशव्या एकत्र करा, वरच्या दोन काड्या दुसऱ्या पिशवीतून घ्या आणि ती सहा मुलं दोन-दोन मिनिटांनी ‘हात’ बदलत बसवा. सहांचा गट फक्त याच कामाला. मोळी सोडली की दहा गठ्ठे दशकाच्या घरात येतात: २, १०, २. त्यातला एक गठ्ठा सोडला की २, ९, १२. मुलं ९ कुठून आला यावर अडतात, कारण फळ्यावर आपण शून्याचा थेट नऊ करून टाकतो आणि मधला दहा लिहीतच नाही. तो लिहा. शून्यावर काट, वर १०, मग त्या १० वर काट, वर ९. पाटी गिचमिड दिसते, पण दोन काटा म्हणजे दोन वेळा सोडलेलं बंधन, एक सुतळी आणि एक रबर, आणि हातात दोन्ही दिसत असतात. उत्तर १५५ आलं की वाटीतले १४७ परत ओतून दोन्ही बंधनं पुन्हा बांधायला लावा.